धोका: तज्ज्ञांचा आणि लोकांचा



एकाच रसायनाविषयी तज्ज्ञ निश्चिंत असतो आणि लोक भयभीत होतात, किंवा याच्या उलट घडते. असे का व्हावे, याचा आज विचार करावयाचा आहे.

पदार्थ विषारी ठरतो तो मात्रेमुळे, हे सूत्र सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितले. म्हणून तज्ज्ञ प्रथम विचारतो, 'किती?' सामान्य माणूस विचारतो, 'आहे की नाही?' परिचयाने भीती ओसरते, हेही खरे. भाजीवरील औषधाच्या अंशाला भिणाऱ्या घरात चुलीचा धूर कुणाला भिववीत नाही. परंतु घरगुती इंधनाच्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तथापि, लोक अज्ञानी आणि तज्ज्ञ ज्ञानी, अशी वाटणी करून भागत नाही. क्राउस, माल्मफोर्स व स्लोविक यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, प्राण्यांवरील प्रयोगांवरून माणसाविषयी कितपत अनुमान काढावे याबद्दल विषशास्त्रज्ञांतच एकमत नव्हते. शिवाय उद्योगांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना रसायनांचा धोका विद्यापीठांतील वा सरकारी शास्त्रज्ञांपेक्षा कमी वाटत होता. म्हणजे आपण कोठे उभे आहोत, याचा परिणाम तज्ज्ञाच्या दृष्टीवरही होतो.

लोकांच्या शंकेत कोणते शहाणपण असते, हे भोपाळने दाखविले. तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यापासून शहराला धोका आहे, असा इशारा राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ सालीच दिला होता. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. हजारो माणसे प्राणास मुकली.

अपघाताची शक्यता मोजताना सुरक्षेची साधने चालू आहेत, असे बहुधा गृहीत धरले जाते. ती कोण चालू ठेवणार, त्यांची तपासणी कोण करणार आणि चूक झाल्यास भोगणार कोण, हे कारखान्याशेजारच्या वस्तीचे प्रश्न असतात. ते भावनेचे नव्हेत, हिशेबाचेच भाग होत.

म्हणून नागरिकांनी 'किती?' हे विचारावयास शिकावे आणि तज्ज्ञांनी 'कोणाच्या भरवशावर?' या प्रश्नाचे उत्तर द्यावयास शिकावे. यांपैकी एकही प्रश्न वगळला, तर धोक्याचे मोजमाप अपुरेच राहील.