भांडणारी शकुंतला

शकुंतला म्हटलं की आपल्याला कालिदास आठवतो. मराठी माणसाला तर अण्णासाहेब किर्लोस्करही. 1880 साली पुण्यात त्यांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि ही नायिका आपल्या घरचीच झाली. पण तिच्याआधीची शकुंतला महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि ती भलतीच करारी आहे.

राजा दुष्यंत गांधर्वविवाहाची गळ घालतो, तेव्हा ती आधी अट घालते. माझा मुलगाच युवराज होईल, कबूल असेल तर बोला! पुढे त्या मुलाला घेऊन ती दरबारात जाते. राजाला सगळं आठवत असतं. तरी तो ओळख नाकारतो, वर तिच्या आईचा, मेनकेचा उद्धार करतो. शकुंतला भर सभेत त्याला सुनावते. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत, असं तोंडावर सांगते. तुझ्यावाचूनही माझा मुलगा पृथ्वीवर राज्य करील, म्हणते आणि निघते. मग आकाशवाणी होते, तेव्हा कुठे राजा कबूल करतो की मला ठाऊक होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर लोकांनी शंका घेतली असती. लोकांची सबब तेव्हाही होतीच!

कालिदासाने राजाला विसर पाडणारा दुर्वास ऋषींचा शाप आणला, आठवण परत देणारी अंगठी आणली, आणि राजाला खोटेपणातून सोडवलं. शकुंतलेची अट गेली. मुलगा अजून जन्मायचा आहे. दरबारात तिची बाजू मुख्यतः तिच्यासोबत आलेला आश्रमातला शिष्य शार्ङ्गरव मांडतो. ती एकदा उसळते, राजाला अनार्य म्हणते, पण लगेच रडू कोसळतं. महाभारतात ती राजाशी संस्कृतातच वाद घालते. नाटकात मात्र, संकेताप्रमाणे, राजा संस्कृत बोलतो आणि ती प्राकृत. काव्य फार उंचीला गेलं यात शंका नाही. त्याची किंमत शकुंतलेने मोजली, असं माझं मत आहे.

म्हणून संस्कृतातली स्त्री पुढेपुढे दुबळीच होत गेली, असं मात्र नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तली वसंतसेना राजाच्या मेहुण्याचे दागिने धुडकावते, भर पावसात आपणहून दरिद्री चारुदत्ताच्या घरी जाते, आणि मधूनमधून संस्कृतही बोलते. पण ती गणिका आहे. कुलवधूला ही मोकळीक नव्हती.

‘शाकुंतल’ जरूर वाचा, मंडळी. पण त्याआधी आदिपर्वातलं शकुंतलेचं उपाख्यान वाचा. महाभारताची मराठी भाषांतरं उपलब्ध आहेत.