खंडाळ्याचा खडक



अकोटास राहून यात्रा म्हणजे काय हें आपणांस सांगावयास नको. शेगांवची वाट चालणारे भाविक आपण नित्य पाहतों. आज आम्ही आपणांस कोंकणांत, अलिबागेजवळच्या खंडाळ्यास नेऊं इच्छितों. तेथें मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांचें एक पवित्र स्थान आहे. मंदिर नाहीं, मूर्ति तर नाहींच. एक खडक व त्यावरील खुणा एवढेंच. त्यास ते 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात.

त्यांची परंपरा अशी कीं, पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. मृतांस तेथेंच पुरलें. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. मूर्च्छित पडलेल्यांस एलिया प्रेषितानें सावध केलें, आणि पुढें खंडाळ्याहून तो रथांत बसून स्वर्गीं गेला; त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या खुणा त्या ह्याच. हे लोक तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणूं लागले.

कोणी विचारील, पवित्र शास्त्रांत तर अग्निरथ यार्देनेपलीकडे दिसला. तो कोंकणांत कोठून आला? प्रश्न रास्त आहे. शिवाय मोशेच्या नियमशास्त्रानें वर्षांतून तीन यात्रा सांगितल्या, त्या यरुशलेमच्या मंदिराच्या. आणि तें मंदिर इ. स. ७० मध्यें पडलें. खंडाळ्याची यात्रा कोणत्याहि आज्ञेनें घडत नाहीं. आमच्या मतें तिचें मोल ह्यांतच आहे. ज्यांच्यापाशीं मंदिर नव्हतें, ग्रंथहि उरले नव्हते, त्यांनीं देवानें आपणांस टाकलें नाहीं एवढी एक गोष्ट खडकाशीं बांधून ठेविली.

शबात महिन्याच्या १५ व्या दिवशीं, वृक्षांच्या सणास, येथें यात्रा भरते; कोणी नवस फेडावयासहि येतात. पोहे, खोबरें, साखर व फळें ह्यांचा मलिदा ताटांत मांडून इब्री आशीर्वचनें म्हणतात व सर्वजण वांटून खातात. होम किंवा बळी नाहीं. ते यरुशलेमच्या मंदिराबाहेर वर्ज्य.

हाच एलिया रूपांतराच्या डोंगरावर प्रभूशीं बोलतांना शिष्यांस दिसला. कार्मेल संघाचे लोक त्यास आपला आध्यात्मिक पिता मानितात. तेव्हां हा पाहुणा आपल्याहि घरचाच.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकीं बहुतेक मंडळी इस्राएल देशीं गेली. आपल्याहि घरचीं मुलें मुंबई-पुण्यास जातात, म्हणून हें सांगतांना आमचें मन हळवें होतें. पण तिकडेहि त्यांच्या घरीं मलिदा होतो, एलियाचें नांव घेतलें जातें, आणि कोंकण पाहावयास आलेलीं नातवंडें खंडाळ्याचा रस्ता विचारतात.