सुपेर्गानंतरचे चार सामने

श्रोतेहो, इटलीच्या अव्वल फुटबॉल साखळीचा १९४८-४९ चा हंगाम संपण्यास चारच सामने उरले होते. तुरीन शहराचा तोरीनो संघ इंटरहून चार गुणांनीं पुढें होता. परंतु जिंकणाऱ्यास दोन गुण मिळत, तेव्हां विजेतेपद अद्यापि पदरांत पडलें नव्हतें. संघ असा कीं, १९४७ मध्यें हंगेरीविरुद्ध खेळलेल्या इटलीच्या अकरांपैकीं दहा गडी त्याचेच!

४ मे १९४९ रोजीं लिस्बनहून मैत्रीचा सामना खेळून परततांना त्यांचें विमान ढगांनीं झांकलेल्या सुपेर्गा टेकडीवरील चर्चच्या मागील भिंतीवर आदळलें. एकतीस जीव गेले. त्यांत अठरा खेळाडू. कर्णधार व्हालेंतीनो माझ्झोलाही त्यांतच. प्रेतें ओळखण्याचें काम आलें वित्तोरियो पोझ्झो यांजवर. यांतील कित्येकांना राष्ट्रीय संघांत खेळविलें होतें तें त्यांनींच. सावरो तोमा दुखापतीमुळें मागें राहिला, म्हणून वांचला.

उरलेले सामने मात्र व्हावयाचेच होते. तोरीनोनें आपलीं कुमारवयीन मुलें उतरविलीं. या मुलांना लोळविणें प्रतिपक्षांना कितीसें कठीण होतें? पण जेनोआ, पालेर्मो, सांपदोरिया आणि फिओरेंतिना या चौघांनींही समोर आपलीं मुलेंच उभीं केलीं. खिलाडूवृत्ति म्हणतात ती हीच. जेनोआवर चार-शून्य असा विजय मिळाला; पुढचे तिन्ही सामनेही मुलांनीं जिंकले. साठ गुणांनिशीं विजेतेपद तोरीनोकडेंच राहिलें.

१९५० सालीं विश्वचषकासाठीं इटलीचा संघ ब्राझीलला गेला, तो बोटीनें.