कचरा कोणाचा, धूर कोणाच्या वाट्याला?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



पर्यावरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ, जंगल, ओझोनचा थर असे काहीतरी येते. झाडे लावा, असे सांगून वक्ते खाली बसतात. झाडे लावावीत जरूर. पण मला विचारायचे आहे ते वेगळेच. शहराची घाण शेवटी जाते कुठे आणि तिथे राहते कोण?

गावगाड्यात हे ठरलेलेच होते. पाणी त्यांचे, मेलेले ढोर आपले. महाडचे चवदार तळे बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा बोले ठराव मुंबई कौन्सिलात 1923 सालीच झाला होता. ठराव होता, पाणी नव्हते. म्हणून बाबासाहेबांना 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. तळ्यात पाणी भरपूर होते. आड आली ती समाजव्यवस्था.

योगायोग असा की, मुंबईचे देवनारचे डम्पिंग ग्राउंड सुरू झाले तेही 1927 सालीच. शहर जातीचे नाव घेत नाही, वाटणी मात्र तशीच करते. ज्या जमिनीला भाव नाही तिथे कचरा, आणि ज्या माणसाला भाव नाही त्याची झोपडीही तिथेच. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या कितीतरी बायांनी काच, पत्रा, प्लास्टिक वेचून पोरे वाढवली. त्यात आपल्या बाया किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात देवनार-गोवंडीचा एम-पूर्व वॉर्ड सर्वांत तळाशी होता.

2016 च्या जानेवारीत तो कचऱ्याचा डोंगर पेटला. धूर शहरभर गेला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, उपग्रहाच्या छायाचित्रातही तो दिसला. तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. तोच धूर गोवंडीच्या पोरांच्या छातीत जात होता, तोवर त्याचे कोणाला काही नव्हते! आणि दोष कोणाला? तर वेचणाऱ्यांना. तांब्यासाठी वायर जाळणारे आहेत, मी नाकारत नाही. परंतु आग धुमसत ठेवणारा मिथेन वायू निघतो तो कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून, आणि तो कचरा काही वेचणारीच्या घरचा नसतो. ओला-सुका वेगळा करणे 2016 च्या नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केले. बोले ठरावाची जी गत झाली, तीच त्याची!

पुण्यात मात्र वेचणाऱ्या बायांनी 1993 साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, झगडून ओळखपत्रे मिळवली. 2008 साली त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली.

आता आपल्या घरचे. आजच्या भोजनाच्या पत्रावळी उद्या कोण उचलणार, असे मी सकाळी विचारले. उत्तर आले, “ती मावशी येते की!” मावशींचे नाव विचारले, तर एकालाही सांगता आले नाही. मग आम्ही चौघांनी दोन पिंपे आणली. दाराजवळ ठेवली आहेत. डावीकडे ओला, उजवीकडे सुका. जेवून उठताना तेवढे बघा.