दम धरा, मावशी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या दुखण्याविषयी बोलायचं आहे त्याचं नाव आमच्याकडे मोठ्यानं घेत नाहीत. गेवराई तालुक्यातलं उमापूर हे माझं गाव. तिथं एखाद्या बाईच्या छातीत गाठ निघाली की 'तिला तसलं झालंय' एवढंच कानावर येतं. मी आयुष्यभर शब्दांशी खेळत आलो, पण थोरल्या बहिणीचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा 'स्तनाचा कर्करोग' हे शब्द मलाही भाच्यापुढे उच्चारता आले नाहीत. म्हणून सुरुवातीलाच ते म्हणून टाकतो.

आपाची गाठ डाव्या बाजूला होती. ऑपरेशन झालं, गाठ काढली, स्तन वाचला. आता सुटलो असं वाटत असतानाच डॉक्टर म्हणाले, "रेडिएशन घ्यावं लागेल." गावात याला कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'शेक'. शेक म्हटलं की डोळ्यांपुढे चूल आणि तवाच येतो. शेजारीण येऊन सांगून गेली, "डाव्या अंगाला शेक दिला की काळीज भाजतं बरं का." झालं! आपा अडून बसली. "गाठ गेली ना? मग आता भाजून कशाला घ्यायचं?"

तिला अडाणी म्हणायची घाई करू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ साली सगळ्या देशानं ऐकलं. त्या जिल्ह्यातल्या बाईनं डॉक्टरला 'कशाला?' असं विचारलं तर तो तिचा हक्कच आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, शेजारणीचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

ते मला नंतर कळलं. डाव्या स्तनाच्या मागे बरगड्या आणि बरगड्यांच्या मागे हृदय. मधलं अंतर बोटांवर मोजण्याइतकं. जुन्या काळी किरण समोरून आणि सढळ हातानं दिले जायचे. कर्करोग आटोक्यात यायचा, पण पुढे दहा-वीस वर्षांनी त्यातल्या काही बायांचं हृदय तक्रार करू लागायचं. २०१३ साली ऑक्सफर्डच्या सारा डार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ बायांच्या नोंदी तपासून याचा हिशेब मांडला. किरणांचं माप 'ग्रे' या एककात करतात. हृदयाला सरासरी एक ग्रे जास्त गेला की हृदयविकाराच्या गंभीर झटक्याची शक्यता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. यापेक्षा कमी गेला तर काहीच होत नाही, अशी सुरक्षित रेषाही सापडली नाही.

हा आकडा ऐकून घाबरू नका, तो नीट समजून घ्या. शंभरातल्या दोघींना झटका येण्याची शक्यता असेल, तर साडेसात टक्के वाढ म्हणजे दोनाचे सव्वादोनसुद्धा होत नाहीत. आता दुसरं पारडं बघा. गाठ काढून स्तन राखलेल्या १०,८०१ बायांचा एकत्र अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रेडिएशन न घेतलेल्यांपैकी दहा वर्षांत शंभरात पस्तीस जणींचा आजार परतला. घेतलेल्यांपैकी एकोणीस जणींचा. पस्तीस आणि एकोणीस. आपाला मी हेच दोन आकडे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे सोळा बाया वाचल्या." मी म्हटलं, "आजार परतण्यातून वाचल्या." हिशेबात ती माझ्यापेक्षा पक्की.

तरीही तिचा प्रश्न उरलाच. "घेते मी. पण काळजाला लागू न देता देता येतो का?"

येतो; म्हणजे पुष्कळसं टाळता येतं. ते कसं, हे मी त्या तीन आठवड्यांत पाहिलं. ज्यांच्या शेतात कपाशी आहे त्यांना लगेच समजेल. कपाशीत तणनाशक मारताना आपण नोझलला टोपी लावतो, नोझल खाली धरतो, वारा सुटला की पंप बाजूला ठेवतो. औषध तणावर पडायला हवं आणि कपाशीचं पान करपता कामा नये. इथंही सगळी कला कुठं पडू द्यायचं नाही यातच आहे.

पहिल्या दिवशी किरण दिलेच नाहीत. सीटी स्कॅन काढला. त्या चित्रांवर डॉक्टरांनी हृदय, फुफ्फुस, स्तन यांच्या कडा एकेक करून आखल्या. मग भौतिकशास्त्र शिकलेला एक तरुण संगणकासमोर बसून कोणत्या कोनातून किती किरण सोडायचे याचा आराखडा करत राहिला. यात काही दिवस गेले. आपण बाहेर बाकावर बसून 'अजून का सुरू करत नाहीत' म्हणून कुरकुरत असतो, तेव्हा आत हे चाललेलं असतं. किरण समोरून न देता तिरके देतात, छातीला घासून दुसऱ्या बाजूनं हवेत निघून जातील असे. यंत्राच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्या मागेपुढे सरकून हव्या त्या आकाराची वाट मोकळी ठेवतात, बाकीची बंद करतात. हीच ती नोझलची टोपी.

मग छातीवर खुणा करायच्या होत्या. रोज त्याच जागी, तसंच झोपवायचं, हात डोक्यावर घेऊन, म्हणून खुणा. तिथल्या मुलीनं सांगितलं, "शाईचे तीन बारीक ठिपके गोंदते." आपा उठून बसली. "आमच्यात गोंदत नाहीत." मग पेननं खुणा करून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली. चौथ्या दिवशी अंघोळीत एक पट्टी निघाली, खूण पुसली, आणि पुन्हा मापं घेण्यात अर्धा दिवस गेला. त्या रात्री आपा स्वतःच म्हणाली, "इलाजासाठी चालतं. उद्या गोंदून टाक म्हणावं." मी मध्ये एक शब्द बोललो नाही.

सगळ्यात नवलाची गोष्ट श्वासाची. खोल श्वास घेऊन रोखला की फुफ्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून जरा मागे, खाली सरकतं. नेमक्या त्याच वेळी किरण सोडायचे. वीसेक सेकंद. श्वास सुटला की यंत्र थांबतं. चांगली आखणी आणि रोखलेला श्वास, यांनी हृदयावरचा सरासरी डोस पुष्कळदा दोन ग्रेच्या खाली ठेवता येतो. डार्बी यांच्या अभ्यासात डाव्या बाजूच्या बायांमध्ये तो साडेसहाच्या वर होता.

आपाला घरी सराव करायला सांगितलं होतं. नातू घड्याळ घेऊन समोर बसायचा. पहिल्या दिवशी बारापर्यंत गेली. "लहानपणी हुतूतू खेळताना अख्खं अंगण फिरून यायचे एका दमात," असं म्हणून पुन्हा बसली. आठवड्यात पंचवीसपर्यंत पोचली. मिश्री सोडणं मात्र तिला याहून जड गेलं. तंबाखूनं हृदयावर आणखी ओझं पडतं, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

यंत्राच्या खोलीत रुग्ण एकटा असतो. बाहेरून स्पीकरवर आवाज येतो. "मावशी, दम धरा." पहिल्याच दिवशी ती बिचकली, श्वास मध्येच सुटला, यंत्र थांबलं. तिला वाटलं, आपण काहीतरी बिघडवलं. तसं काही नव्हतं. पुन्हा दम धरला, पुन्हा सुरू झालं. भाजल्यासारखं, तापल्यासारखं काहीच लागलं नाही. पुढे कातडी काळवंडली, थोडी खाज आली, तेवढंच. आणि अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. नातवाला मांडीवर घ्यायला कसलीही हरकत नसते. हे सांगूनही सुनेनं आठवडाभर मूल लांबच ठेवलं होतं, ही वेगळी गोष्ट.

पूर्वी पंचवीस खेपा लागायच्या. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांची दहा वर्षांची फळं २०१३ साली हाती आली, तेव्हापासून पंधरा खेपा पुष्कळजणींना पुरतात हे पक्कं झालं. २०२० साली काहीजणींसाठी पाचच खेपांची पद्धतही चाचणीत तितकीच उतरली. रोज एसटीनं जाणाऱ्या किंवा शहरात खोली घेऊन राहणाऱ्या बाईला दहा खेपा कमी होणं म्हणजे काय, ते बीडकरांना सांगायला नको.

श्वास रोखण्याची सोय सगळीकडे नसते. उजव्या बाजूच्या आजारात तिची गरजही सहसा कमी. भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र बनवलं, त्यानं अनेकांची सोय झाली. पण कोबाल्टच्या किरणांची कड नव्या यंत्रांइतकी रेखीव नसते. म्हणून छत्रपती संभाजीनगरला जा, बार्शीला जा की मुंबईत परळला जा, आराखडा झाल्यावर डॉक्टरांना एवढं विचाराच, "माझ्या हृदयाला सरासरी किती ग्रे जाणार? तो आणखी कमी करता येईल का?" आकडा त्यांच्यासमोर संगणकावर असतो. आपानं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी मान वर करून आधी तिच्याकडे पाहिलं. मग पडदा तिच्याकडे वळवला आणि हृदयाभोवतीची ती रेघ बोटानं दाखवली.

पंधरावी खेप एका शुक्रवारी झाली. बाहेर आल्यावर आपानं नातवाला विचारलं, "आज किती मोजलेस?" तो दाराबाहेर उभा राहून मोजत होता म्हणे. आत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. "पन्नास," तो म्हणाला. "खोटारडा," आपा म्हणाली, आणि आम्ही स्टँडकडे निघालो.