अनुयायी मिळवावे कसे, टिकवावे कसे?

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले व्याख्यान)



आज मला दिलेला विषय वडीलधाऱ्या मंडळींना कदाचित पोरखेळ वाटेल. मोबाईलवर आपले अनुयायी, ज्यांना मुले ‘फॉलोअर’ म्हणतात, ते वाढवावे कसे आणि टिकवावे कसे, असा हा विषय आहे. परंतु समोर बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनात या आकड्याने घर केले आहे. कोणाला त्यातून रोजगार दिसतो, कोणाला प्रतिष्ठा, तर कोणाला समाजापर्यंत पोहोचण्याचे साधन. तेव्हा हा विषय हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

माणसे जोडण्याचे काम मात्र नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तरीही १९२३ साली ते पाक्षिक बंद पडले. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, १९२९ साली थांबले. १९३० साली ‘जनता’ आला आणि १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ज्या समाजात वाचता येणारे थोडे आणि वर्गणी परवडणारे त्याहून थोडे, त्या समाजात वाचक टिकवणे किती अवघड होते, हे या सनावळीवरून समजते. आज कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च वाचला आहे. वाचक टिकवण्याची अडचण मात्र तशीच उभी आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, तुमच्यापैकी एखाद्याने शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि प्रवेश यांची माहिती देणारी यूट्यूब वाहिनी काढली. ती लोकांसमोर कोण नेणार? तिथे बसवलेली संगणकीय गणितपद्धती. ती पाहते की चित्रफीत किती जणांनी उघडली आणि त्याहीपेक्षा किती वेळ पाहिली. २०१२ सालापासून यूट्यूबने उघडण्याच्या संख्येपेक्षा पाहण्याच्या वेळेला अधिक वजन दिले आहे. म्हणून भडक मथळा देऊन आत काहीच न सांगणाऱ्याचा प्रेक्षक अर्ध्या मिनिटात निघून जातो आणि पुढची चित्रफीत कमी लोकांना दाखवली जाते. यातून घेण्याचा धडा साधा आहे. मथळ्यात जे कबूल केले, ते आत द्यावे. नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता पहिल्या काही सेकंदांत मुद्द्याला हात घालावा.

दुसरी गोष्ट, विषय एक धरावा. सोमवारी शिष्यवृत्ती, मंगळवारी क्रिकेट आणि बुधवारी विनोद असे केले, तर शिष्यवृत्तीसाठी आलेला विद्यार्थी थांबत नाही. तिसरी गोष्ट, नेम ठेवावा. आठवड्यातून एकदाच द्या, पण ठरल्या दिवशी द्या. चौथी गोष्ट, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे. ज्याच्या शंकेला नावानिशी उत्तर मिळते, तो पुन्हा येतो आणि येताना दोघांना घेऊन येतो.

या कामी मोठे भांडवल किंवा इंग्रजी लागते, असेही नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजींचे उदाहरण घ्या. कधी शाळेत न गेलेल्या या आजींच्या गावरान स्वयंपाकाचे चित्रण नातवाने २०२० साली ‘आपली आजी’ या नावाने यूट्यूबवर द्यायला सुरुवात केली. लाखो लोकांनी ते पाहिले, कारण आजी स्वतःच्याच बोलीत, स्वतःला येणारे तेच सांगत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची वाहिनी कोणी परस्पर ताब्यात घेतली आणि काही दिवसांनी ती परत मिळाली. म्हणून पासवर्ड कोणाला सांगू नका, दोन टप्प्यांची सुरक्षा चालू ठेवा आणि केलेल्या कामाची प्रत स्वतःजवळ ठेवा.

उत्पन्नाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे, अशी अट २०१८ साली आली. लघुफितींसाठी वेगळी अट आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येकाने सरासरी तीन मिनिटे पाहिले, तर ८०,००० वेळा तुमचे काम पाहिले गेले पाहिजे. एवढे झाल्यावर केवळ दार उघडते, पगार सुरू होत नाही. शिक्षण सोडून यामागे लागू पाहणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

मित्रहो, संख्या वाढवण्याच्या दोन आडवाटा आहेत. पहिली, पैसे देऊन अनुयायी विकत घेण्याची. जुलै २०१८ मध्ये ट्विटरने, ज्याचे नाव २०२३ साली एक्स झाले, संशयास्पद म्हणून गोठवलेली खाती अनुयायांच्या मोजणीतून वगळली. तेव्हा जगातील बड्या बड्या व्यक्तींचे लाखो अनुयायी एकाएकी कमी झाले. विकत घेतलेला आकडा प्रश्न विचारत नाही, अडचणीत धावून येत नाही. उलट, खरी माणसे थोडी आणि आकडा फुगलेला असला, की गणितपद्धतीलाही तुमचे काम लोकांना आवडत नाही असेच वाटते.

दुसरी वाट भीती आणि संताप विकण्याची. ती अधिक घातक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधी मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा अधिक पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. परंतु माणसाच्या मनाला मर्यादा कंपनी घालू शकत नाही. अफवेला पाहणारे भरपूर मिळतात, हे खरे आहे. ज्याचे पोट हातावर आणि घर पाठीवर, त्याचा जीव त्यात पहिल्यांदा जातो, हेही तितकेच खरे आहे. मिळालेली बातमी शहानिशा केल्याशिवाय पुढे न पाठवणे हा आपला नियम असला पाहिजे, मग त्यापायी चार अनुयायी कमी झाले तरी चालतील.

आता टिकवण्याविषयी. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतील, शेतमजुरांच्या आणि कामगारांच्या घरांतील अनेक मुलामुलींनी तिथे कष्टाने जमवलेला प्रेक्षकवर्ग त्यांच्या हातून गेला. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय आहे. आपल्यासाठी बोध असा, की अनुयायांची यादी आपल्या मालकीची नसते. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. २०१८ साली फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम दिला आणि सार्वजनिक पानांचा मजकूर कमी दिसू लागला. जागा दुसऱ्याची आहे. भाडे नाही, पण हक्कही नाही. पूर्वीच्या नियतकालिकाकडे वर्गणीदारांच्या पत्त्यांची वही असे. अंक थांबला तरी पत्ते हातात राहत. म्हणून ज्यांची संमती आहे त्यांचे दूरध्वनी किंवा ईमेल आपल्या वहीत असू द्या, आणि वर्षातून दोनदा का होईना, एखाद्या वाचनालयात किंवा वस्तीच्या सभागृहात त्यांना समोरासमोर भेटा.

सर्वांत शेवटी विश्वासाचा मुद्दा. तुमच्या वाहिनीने शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख चुकीची सांगितली, तर एखाद्या मुलीचे वर्ष वाया जाऊ शकते. तिने तुम्हाला अनुसरले ते तुमच्या शब्दावर. म्हणून तारीख मूळ शासकीय सूचनेत पाहूनच द्यावी. चूक झालीच तर ती गुपचूप पुसू नये; जितक्या मोठ्या आवाजात चूक सांगितली, तितक्याच मोठ्या आवाजात दुरुस्ती सांगावी. पैसे घेऊन एखाद्या शिकवणीची वा वस्तूची शिफारस करत असाल, तर तसे स्पष्ट सांगावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण सूचना नसत्या तरी प्रामाणिकपणाची गरज होतीच.

अनुयायी या शब्दाचा अर्थ मागून चालणारा असा आहे. कोणी मागून चालत असेल, तर पुढच्याने वाट पाहून पाऊल टाकावे, एवढीच माझी विद्यार्थी मित्रांना विनंती आहे. शंभर माणसे मागे असली तरी ती जबाबदारी लहान नाही. त्या शंभरांपैकी दहा मुलांचे अर्ज वेळेत भरले गेले, दोघींना वसतिगृह मिळाले, तर तुमचे काम सार्थकी लागले असे मी समजेन.

जयभीम!