गोठ्यातील दुसरी मिळकत



आपल्यातील कित्येक घरे दुभत्या जनावरांवर चालतात. परवा माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील शाळेत आले नि म्हणाले, "मास्तरसाहेब, दूध विकायचे की शेण टाकायला जागा शोधायची?" त्यांचा त्रागा खोटा नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली गोठ्यांसाठी व गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ साली त्या सुधारल्या. शेण वा गोठा धुतलेले पाणी गटारात, नाल्यात सोडू नये. त्याचे खत वा गॅस करावा, हा त्यांचा आशय.

मी त्यांच्यापुढे हिशेब मांडला. मोठे जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण देते. म्हणजे दहा म्हशींचे वर्षाला निदान ५५ टन! सुमारे २५ किलो शेणापासून १ घनमीटर गॅस मिळतो, आणि गॅस निघून गेल्यावर उरलेले पातळ शेण खत म्हणून शेताला चालतेच.

ही विद्या इंदूरला परकी नाही. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरातील संस्थेत पालापाचोळा, शेण व मूत्रमिश्रित माती यांचे थर रचून, अधूनमधून परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार केले. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. ती रीत जगभर 'इंदूर पद्धत' या नावाने गाजली. पुढे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवून वाहनांसाठी गॅस करणारा कारखाना सुरू झाला. काल जो उकिरडा होता, तो इंधन झाला.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवू नये. दोन म्हशींच्या धन्याला एकट्याने खड्डा, टाकी व मजुरी परवडणार नाही. आणि प्लास्टिक मिसळलेले शेण कोणी विकत घेणार नाही. म्हणून पाचसहा घरांनी एकत्र यावे, शेण निर्मळ ठेवावे. विश्वस्तांना माझी विनंती आहे की, शिष्यवृत्त्यांबरोबरच अशा एका सामाईक खड्ड्यासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी. शेणाची मिळकत हाती आली, तर फीसाठी म्हैस विकण्याची पाळी त्या बापावर येणार नाही.